पाण्याच्या पैशांचे स्वतंत्र खाते उघडा : छत्रपती संभाजीनगर महापालिकेच्या सभागृहास खुले पत्र

प्रति,
सन्माननीय महापौर, सर्व नगरसेवक आणि आयुक्त,
छत्रपती संभाजीनगर महानगरपालिका

सप्रेम नमस्कार.

पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकांकडे राहिलेला शहराचा कारभार पुन्हा ११५ लोकनियुक्त सदस्यांच्या सभागृहाकडे आला आहे, म्हणून हे पत्र आपणा सर्वांना एकत्रच लिहीत आहे. पाणी कधी येणार, हा प्रश्न या पत्रात नाही. तो आपल्याला प्रत्येक वॉर्डात, प्रत्येक दारात विचारला जातो. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. २,५०० मिलीमीटर व्यासाच्या नव्या वाहिनीतून जायकवाडीचे पाणी शहरभर पोहोचले, की दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती वाहिनी, ते पंप, पन्नासहून अधिक जलकुंभ आणि गल्लीबोळांतल्या सुमारे १,९०० किलोमीटर लांबीच्या जलवाहिन्या सांभाळण्याचे पैसे कोणत्या खात्यातून येणार आहेत? मी आयुष्यभर हिशेबनीस म्हणून नोकरी केली. अभियांत्रिकीतले मला जे कळते ते वाचून आणि जाणकारांना विचारून कळलेले आहे. पण कोणता खर्च खरोखर वाचतो आणि कोणता नुसता पुढे ढकलला जातो, हे ओळखणे हेच माझे काम होते, आणि पाण्याच्या बाबतीत या शहराने गेली वीस वर्षे पुढे ढकललेल्या खर्चालाच बचत मानले, असे माझे स्पष्ट मत आहे.

आकडे आपल्याला ठाऊक आहेत, तरी ते एका ओळीत मांडून पाहावेत अशी विनंती आहे. समांतर जलवाहिनीची योजना केंद्राच्या मदतीने मंजूर झाली तेव्हा तिची किंमत सुमारे ३६० कोटी रुपये होती. खासगी भागीदारीच्या करारापर्यंत ती ७९२ कोटींवर गेली. २०१४ मध्ये शहराचा पाणीपुरवठा त्या खासगी कंपनीकडे सोपवला गेला आणि २०१६ मध्ये तो करार रद्द झाला. नंतर राज्य शासनाने नवी योजना मंजूर केली ती १,६८० कोटींची, आणि १२ डिसेंबर २०२० रोजी तिचे भूमिपूजन झाले. पुढे ती केंद्राच्या अमृत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात गेली, तेव्हा आकडा २,७४० कोटी झाला होता. समांतर योजना आणि आजची योजना यांची व्याप्ती सारखी नाही, त्यामुळे ३६० आणि २,७४० यांची थेट तुलना करणे मला योग्य वाटत नाही. परंतु १,६८० आणि २,७४० या दोन आकड्यांच्या मध्ये धरण तेच होते, शहर तेच होते आणि पाणी आणण्याचा मार्गही तोच होता. तरीही रक्कम १,०६० कोटींनी वाढली. त्यात महापालिकेचा ३० टक्के वाटा म्हणजे ८२२ कोटी. तो कर्जाने उभा राहो किंवा शासनाच्या कृपेने, उशिराची किंमत किती असते हे सांगायला एवढा एक आकडा पुरेसा आहे.

ही किंमत अचानक उद्भवलेली नाही. शहराला जगवणाऱ्या दोन जुन्या वाहिन्यांपैकी ७०० मिलीमीटरची वाहिनी सत्तरच्या दशकातली, तर १,४०० मिलीमीटरची नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. पाणीपुरवठ्याच्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेत वाहिन्यांचा आराखडा साधारण ३० वर्षांसाठी आणि पंपांचा १५ वर्षांसाठी करावा असे धरलेले असते. म्हणजे पहिल्या वाहिनीची मुदत या शतकाच्या पहिल्याच दशकात संपली आणि दुसरीचीही आता उलटून गेली. दुसरी वाहिनी टाकली त्या सुमारास, १९९१ च्या जनगणनेत, शहराची लोकसंख्या पावणेसहा लाखांच्या आसपास होती; २०११ मध्ये ती पावणेबारा लाख झाली. दोन्ही वाहिन्यांची मूळ क्षमता मिळून दिवसाला सुमारे १५६ दशलक्ष लिटर होती आणि गंज, गळती, झिजलेले पंप यांमुळे प्रत्यक्षात तेवढे पाणीही कधी पुरते पोहोचले नाही. ही मुदत कोणत्या वर्षी संपणार, हे वाहिनी टाकली त्याच दिवशी कागदावर लिहिता आले असते. दरवर्षी थोडी रक्कम बाजूला पडत गेली असती, तर मुदत संपताना हातात पैसे असते आणि शहराला दिल्ली-मुंबईकडे हात पसरून दोन दशके थांबावे लागले नसते.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असे आपण म्हणतो. आपल्याकडे आड भरलेला आहे. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, काठोकाठ भरून दरवाजे उघडावे लागले, त्या वर्षीही शहरातल्या कित्येक वसाहतींना आठवड्यातून एकदाच पाणी मिळाले. दोष पोहऱ्याचा आहे, आणि पोहरा माणसाच्या हातचा असतो.

त्यात आपल्या शहराचे भूगोलही विसरता येणार नाही. नाथसागराची पूर्ण संचय पातळी १,५२२ फूट, म्हणजे सुमारे ४६४ मीटर. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर वसलेले. प्रत्येक थेंब शंभर मीटरहून अधिक उंच चढवून नक्षत्रवाडीच्या टेकडीपर्यंत न्यावा लागतो. वीजबिल हा आपल्या पाणीपुरवठ्याचा कायमचा मोठा खर्च आहे आणि तो कोणत्याही निवडणुकीपुढे कमी होत नाही. चढणीच्या या वाहिनीत पंप काही मिनिटे जरी बंद पडले, तरी पुरवठा पूर्ववत व्हायला काही तास लागतात. पैठण रस्त्यावर ढोरकीन किंवा चितेगावजवळ वाहिनी फुटली, की दुरुस्तीचा दिवस, वाहिनी भरण्याचा वेळ आणि मग एकेका जलकुंभाचे बिघडलेले वेळापत्रक, असे करत शहरभरचा गॅप, म्हणजे दोन पाळ्यांमधले अंतर, एक-दोन दिवसांनी वाढतो. वाया गेलेल्या पाण्यावर वीज आणि फारोळ्याच्या शुद्धीकरणाचा खर्च आधीच झालेला असतो. फुटलेल्या वाहिनीचा खर्च म्हणून आपण फक्त वेल्डिंग आणि मजुरी लिहितो. बाकीचा खर्च कोणत्याच वहीत चढत नाही, म्हणून तो झालाच नाही असे वाटते.

ज्या मुद्द्यावर सभागृहाने सर्वाधिक वेळ द्यावा असे मला वाटते, तो अंतर्गत वाहिन्यांचा आहे. आठवड्यातून एकदा पाणी सोडणे ही नुसती गैरसोय नाही. ती वाहिन्यांची नासाडी आहे. रिकाम्या वाहिनीत पाणी शिरते तेव्हा आतली हवा दाबली जाते, सांध्यांवर धक्का बसतो, आणि हे प्रत्येक पाळीला होते. सतत भरलेली वाहिनी वर्षानुवर्षे टिकते, तीच वाहिनी भरणे-रिकामी होणे या चक्रात लवकर खिळखिळी होते. पाणी बंद झाल्यावर वाहिनीतला दाब जातो आणि जिथून पाणी बाहेर गळत होते तिथूनच बाहेरचे पाणी आत ओढले जाते. शेजारून ड्रेनेज जात असेल तर काय आत येते, हे सांगायला नको. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या छावणी परिसरात गॅस्ट्रोची साथ आली, हजारो लोकांना उपचार घ्यावे लागले, आणि पिण्याच्या वाहिनीत सांडपाणी मिसळल्याचे कारण पुढे आले. छावणीचा कारभार कटक मंडळाकडे आहे, महापालिकेकडे नाही. पण जमीन तीच आणि जुन्या वाहिन्यांचा स्वभावही तोच.

म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगतो. नवी वाहिनी टाकून झाली, म्हणजे काम झाले असे नव्हे. जुन्या वाहिनीवरच्या घराघरांतल्या जोडण्या नव्या वाहिनीवर घेऊन जुनी वाहिनी कायमची बंद करणे, हा त्या कामाचा सर्वांत कष्टाचा आणि सर्वांत कमी दिसणारा भाग आहे. तो राहिला, तर मोठ्या वाहिनीतून वाढीव दाबाने आलेले पाणी जुन्या छिद्रांतून आणखी जोराने जमिनीत जाईल आणि २,७४० कोटी खर्चूनही शेवटच्या टोकाचे घर कोरडेच राहील. प्रत्येक नगरसेवकाने आपल्या वॉर्डातल्या गल्ल्यांची यादी करून, कुठे जोडण्या बदलल्या आणि कुठे जुनी वाहिनी अजून चालू आहे, हे दर महिन्याला जाहीर फलकावर लावावे. याला एका रुपयाचीही मंजुरी लागत नाही. आणि जोपर्यंत एखाद्या गल्लीतले हे काम पूर्ण होत नाही, तोपर्यंत तिथे सिमेंटचा रस्ता करू नये. नव्या रस्त्याला महिन्याभरात चर पाडण्याचा खर्चही शेवटी याच शहराच्या खिशातून जातो.

आता पैशांकडे येतो. नागरिक पाण्याचे पैसे देत नाहीत, असे सभागृहात पुष्कळदा बोलले जाते. ते खरे नाही. नागरिक पाण्याचे भरपूर पैसे देतात, फक्त ते महापालिकेला देत नाहीत. २० लिटरचा एक जार रोज घेणाऱ्या घराचा, जार अगदी २० रुपयांना धरला तरी, वर्षाचा खर्च ७,३०० रुपये होतो. त्यात जमिनीखालची टाकी, गच्चीवरची टाकी, दोन्हींमध्ये पाणी चढवायची मोटार, तिची वीज, बोअर, आणि बोअर आटला की पुन्हा खोल करण्याचा खर्च मिळवा. दशकभरापूर्वी महापालिकेत आलेल्या सातारा-देवळाईत आणि गुंठेवारीच्या अनेक वसाहतींत टँकर हा तर घरखर्चाचा ठरलेला भाग झाला आहे. ज्यांच्याकडे टाकी बांधायला जागा नाही, ते ड्रमात पाणी भरून आठवडा काढतात आणि पाण्याच्या दिवशी मजुरी बुडवून घरी थांबतात. ती बुडालेली मजुरीही पाणीपट्टीच आहे, आणि शहरातली सर्वांत जड पाणीपट्टी सर्वांत गरीब माणूस भरतो आहे.

याच्या शेजारी २०२२ चा निर्णय ठेवून पाहावा. समांतरच्या काळापासून वाढत गेलेली घरगुती पाणीपट्टी वर्षाला ४,०५० रुपयांवर पोहोचली होती. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात पाण्यावरून शहर पेटले होते, जलआक्रोश मोर्चा निघाला होता, आणि त्याच सुमारास पाणीपट्टी जवळजवळ निम्मी करण्यात आली. लोकांचा राग योग्य होता. आठवड्यातून एकदा येणाऱ्या पाण्यासाठी वर्षभराचे पैसे का द्यावेत, या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर नव्हते. पण त्या निर्णयाने घरोघरचा पाण्याचा खर्च निम्मा झाला नाही. जार, टँकर आणि मोटार तशीच राहिली. कमी झाली ती फक्त वाहिनी दुरुस्त करण्याची ऐपत. एक लाख जोडण्यांकडून प्रत्येकी २,००० रुपये, तेही शंभर टक्के वसूल झाले असे धरले, तरी २० कोटी होतात. दुसऱ्या बाजूला २,७४० कोटींच्या मालमत्तेचे आयुष्य ३० वर्षे धरून सरळ भागाकार केला, तर तिची वार्षिक झीज ९१ कोटींच्या पुढे जाते. हा ढोबळ हिशेब आहे, मान्य. काही भाग ५० वर्षे टिकतील, पंप १५ वर्षांतच बदलावे लागतील. पण या दोन आकड्यांमधली दरी कोणत्याही सूक्ष्म हिशेबाने बुजणार नाही, आणि यात वीज, रसायने व पगार अजून धरलेलेच नाहीत.

माझे बालपण पैठण तालुक्यातल्या एका खेड्यात, माळवदाच्या घरात गेले. मिरगाच्या आधी दरवर्षी माळवदावर पांढरी माती टाकायची, ती दाबून घ्यायची, पन्हाळ मोकळे करायचे, हा नेम होता. गाडीभर माती आणि दोन माणसांचे दोन दिवस, एवढाच तो खर्च. दुष्काळाच्या वर्षी घरात इतर सगळ्या खर्चांना कात्री लागली तरी वडील मातीची गाडी चुकवत नसत, कारण एक वर्ष चुकले की पाणी लाकडापर्यंत जाते आणि मग माती नव्हे, तुळई बदलावी लागते. हे ज्ञान आपल्या मराठवाड्यातल्या प्रत्येक घराला होते. शहराच्या अर्थसंकल्पात ते कुठे दिसत नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते.

महापालिकेच्या अर्थसंकल्पात देखभाल-दुरुस्तीचे शीर्षक नसते असे नाही. अडचण अशी की ते शीर्षक सर्वांत आधी कापले जाते. वेळेवर बदललेल्या व्हॉल्व्हमुळे न फुटलेल्या वाहिनीची बातमी होत नाही, तिच्यासाठी कोणी निवेदन देत नाही, आणि वर्षअखेर ठेकेदारांची देणी समोर उभी राहिली की तेच पैसे तिकडे जातात. म्हणून माझी मुख्य मागणी खात्याची आहे. पाणीपट्टी आणि पाण्यासाठी आलेले प्रत्येक अनुदान स्वतंत्र बँक खात्यात जमा व्हावे. त्यातून वीज, रसायने आणि पगार यांच्याबरोबरच नूतनीकरण निधीचा ठरलेला हिस्सा दरवर्षी पहिल्या तिमाहीत बाजूला काढला जावा. आणि तो हिस्सा दुसऱ्या कोणत्याही कामाकडे वळवायचा तर सर्वसाधारण सभेत नावानिशी मतदान झाल्याशिवाय वळवता येऊ नये. पाणीपुरवठ्याची कामे सांभाळणे हे महापालिका अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे आपले बंधनकारक कर्तव्य आहे. बंधनकारक कर्तव्याचे पैसे ऐच्छिक कामांच्या मागे रांगेत उभे राहू नयेत, इतकेच मी मागतो आहे.

दरवाढीबद्दलही स्पष्ट बोलायला हवे, कारण त्याशिवाय हे खाते रिकामेच राहील. दर वाढवावे लागतील, पण क्रम चुकता कामा नये. मागच्या खेपेस आधी दर वाढले, पाणी वाढले नाही, आणि लोकांचा विश्वास गेला. मीटरचेही तसेच आहे. आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या नळाला मीटर बसवला, तर तो वाहिनीतल्या हवेनेही फिरतो, आणि हवेचे बिल कोणीही भरणार नाही. म्हणून आधी प्रत्येक जलकुंभाच्या बाहेर पडणाऱ्या मुख्य वाहिनीवर मापक बसवावा. किती पाणी सुटले आणि किती पाण्याचे बिल झाले, यांतला फरक त्या-त्या भागासाठी दर महिन्याला जाहीर करावा. एखाद्या भागात पाणी रोज आणि पुरेशा दाबाने येऊ लागले, की मग त्या भागात घरगुती मीटर आणि नवे दर लागू करावेत.

हे आपल्याच राज्यात झालेले आहे. कराडजवळच्या मलकापूरने, एका लहान नगरपंचायतीने, महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या मदतीने चोवीस तास पाणी आणि प्रत्येक नळाला मीटर हे दोन्ही एकत्र करून दाखवले. कमी वापराला कमी दर आणि वापर वाढत जाईल तसा चढता दर, ही रीत तिथल्या लोकांनी स्वीकारली, कारण नळ उघडला की पाणी येत होते. मलकापूर लहान आहे आणि तिथले प्रश्न सोपे होते, असे कोणी म्हणेल. आपले शहर मोठे आहे हे खरे, पण एक जलकुंभ आणि त्याखालच्या चार-पाच वसाहती म्हणजे एक मलकापूरच आहे. एका जलकुंभापासून सुरुवात करता येते.

चढत्या दरात पहिला टप्पा, म्हणजे माणशी रोज १३५ लिटरच्या राष्ट्रीय निकषात बसणारा वापर, स्वस्तच ठेवावा. झोपडपट्टी आणि गुंठेवारीतल्या घरांना जोडणी घेताना एकरकमी पैसे मागू नयेत. अनधिकृत नळ नियमित करण्याची मुभा मुदत घालून द्यावी आणि त्या मुदतीनंतर कारवाई सर्वांवर सारखी व्हावी, मग नळ कोणाच्याही बंगल्यात असो. शासकीय कार्यालयांची आणि मोठ्या व्यावसायिक ग्राहकांची थकबाकी नावांसह प्रसिद्ध करावी. सामान्य घराच्या दोन हजारांमागे नोटीस जाते. लाखांच्या थकबाकीमागे तितक्याच तत्परतेने जायला हवी.

आणखी एक सांगायचे राहिले. व्हॉल्व्हमन आणि लाइनमन ही या शहराच्या पाणीपुरवठ्याची जिवंत नकाशावही आहे. कोणत्या चौकात कोणता व्हॉल्व्ह किती आटे फिरवायचा, हे कित्येक ठिकाणी कागदावर नाही, माणसाच्या लक्षात आहे. तो माणूस निवृत्त झाला की ज्ञान त्याच्याबरोबर जाते. त्यांच्याबरोबर तरुण अभियंते पाठवून प्रत्येक व्हॉल्व्हची नोंद आताच करून घ्यावी. नहर-ए-अंबरीचे असेच झाले. मलिक अंबरने चारशे वर्षांपूर्वी एकही पंप न लावता, नुसत्या उतारावर या शहराला पाणी दिले. पुढे नहरींच्या वाटेवर बांधकामे झाली, बंबे, म्हणजे नहरीवरचे बांधीव मनोरे, मोडले, आणि वाट कुठून जाते हे सांगणारी माणसेही उरली नाहीत. ती नहर दुष्काळाने मेली नाही.

येत्या अर्थसंकल्पीय सभेत तीन गोष्टींची मी वाट पाहीन: स्वतंत्र खात्याचा ठराव, नूतनीकरण निधीचा आकडा, आणि जलकुंभनिहाय मापकांसाठीची तरतूद. हे झाले, तर पाणीपट्टी वाढीवर सूचना-हरकती मागवाल त्या दिवशी मी सुनावणीला येईन आणि वाढीच्या बाजूने बोलेन. माझ्या वसाहतीतल्या लोकांनाही बरोबर आणेन. फक्त त्या दिवशी आमच्या हातात त्या खात्याचा मागच्या बारा महिन्यांचा जमा-खर्च असावा.

आपला,
पाणीपट्टी नियमित भरणारा एक सेवानिवृत्त नागरिक
छत्रपती संभाजीनगर